बॅकग्राऊंड विचारणाऱ्यांचं बॅकग्राऊंड



वडनेर हे वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातलं गाव. नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचं. पूर्वी या रस्त्याचा नंबर ७ होता, आता ४४ आहे. उत्तरेकडं तोंड करून निघालं की हा रस्ता नागपूरला नेतो. तिथं मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांनी आपले तळ टाकलेत. दक्षिणेकडं निघालं की हैदराबाद, आणि तसंच पुढं गेलं की बंगलोर. कॉम्प्युटरच्या धंद्याची तीन ठाणी एकाच सडकेवर बसलीत आणि ती सडक वडनेरवरून जाते. म्हणजे अंतराची भानगड नाही. सडक सरकारनं बांधलीय, एस. टी. धावते. तरी कापूस वेचणाऱ्या मायच्या पोराला, पोरीला त्या काचेच्या दारातून आत जायला ही सडक पुरत नाही. कारण दारात एक साहेब बसलाय. तो गोड हसून इंग्रजीत विचारतो : तुमचं बॅकग्राऊंड काय?

शब्द कसा साळसूद आहे बघा. जात विचारली तर कायदा आडवा येतो. बाप काय करतो विचारलं तर येत नाही. मोठा भाऊ कुठं नोकरीला, घरी इंग्रजी पेपर येतो का, सुट्टीत कुठं जाता, गाव कोणतं, आडनाव मूळचं कुठलं. पाच मिनिटांत साहेबाच्या कागदावर तुमची सात पिढ्यांची कुंडली तयार. आणि जातीचा एक शब्द कोणी उच्चारलेला नाही!

तर आज बॅकग्राऊंडचीच चर्चा करू. पण आपल्या नाही. विचारणाऱ्यांच्या.

मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये १९६० साली टिफ्रॅक नावाचा कॉम्प्युटर तयार झाला, देशातच बांधलेला. तो बांधणाऱ्या गटाचे पुढारी आर. नरसिंहन. शिक्षण काय? वीज-तारयंत्रांची इंजिनियरिंग आणि गणित. टाटांनी १९६८ साली टीसीएस काढली. तिचा गाडा ओढायला १९६९ मध्ये फकीरचंद कोहली आले. कुठून आले? टाटांच्याच वीज कंपनीतून. १९८१ मध्ये सात जणांनी मिळून पुण्यात इन्फोसिस काढली. त्यातले नारायण मूर्ती म्हैसूरला इलेक्ट्रिकल शिकलेले. १९९१ ला पुण्यात सी-डॅकनं परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्याचे म्होरके विजय भटकर. हा माणूस आपल्या वऱ्हाडातला, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचा. नागपूरला इंजिनियर झाला.

यातल्या एकानंही पदवीला कॉम्प्युटर हा विषय घेतला नव्हता. कारण तेव्हा तसा विषयच नव्हता! कोणी वीजवाला, कोणी गणितवाला. हाताला मशीन लागली, वेळ मिळाला, कोणीतरी विश्वास टाकला, आणि माणसं शिकली. त्यांना कोणी विचारलं नाही की बाबा, तुमच्या घराण्यात या विद्येची परंपरा आहे का?

आणि ही जुनी गोष्ट नाही. या कंपन्या आजही मेकॅनिकलची, सिव्हिलची, केमिकलची पोरं घेतात आणि काही महिने शिकवून कामाला लावतात. इन्फोसिसनं तर त्यासाठी म्हैसूरला अख्खं गावच वसवलंय. म्हणजे पुलाचं डिझाइन शिकलेला पोरगा चार-सहा महिन्यांत बँकेचा प्रोग्राम लिहायला तयार होतो. मग हिंगणघाटच्या कॉलेजातून बी. एस्सी. झालेली वडनेरची पोरगी का होणार नाही? मेंदू तोच. मशीन तीच. शिकवणारा तोच. फरक कशाचा?

इथं कोणी शहाणा म्हणेल : परंपरा लागते हो, पिढीजात संस्कार लागतात. ठीक. परंपराच काढायची तर काढू.

कॉम्प्युटरचा आजा कोण? माग. कापड विणायचा माग! फ्रान्समध्ये जॅकार नावाच्या माणसानं १८०४ च्या सुमाराला मागाला भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं जोडली. भोक असेल तिथं धागा वर, नसेल तिथं खाली. नक्षी आपोआप विणली जायची. हीच युक्ती बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी उचलली. तसलीच कार्डं घेऊन अमेरिकेत हॉलेरिथनं १८९० च्या जनगणनेत माणसं मोजली. त्याचीच कंपनी पुढं इतरांत मिसळून आयबीएम झाली. आहे की नाही, शून्य की एक, हा आजचा सगळा खेळ त्या कार्डांवरच्या भोकांत होता.

आता विदर्भात जाडंभरडं कापड कोण विणत होतं? कोष्टी विणत होते आणि महारही विणत होते. इंग्रजांच्या काळची मध्यप्रांताची जातींवरची पुस्तकं उघडा, लिहून ठेवलंय. म्हणजे पिढीजात धंद्याचाच हिशेब लावायचा तर कॉम्प्युटरच्या खोलीत पहिली खुर्ची विणकराच्या नातवाची! पण व्यवस्थेला परंपरा तेव्हाच आठवते जेव्हा ती तिच्या फायद्याची असते.

पुरावा पाहिजे? १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस, आणि गावकुसाबाहेरून आलेले हजारो हात. गिरणीनं आपल्या माणसाला महारकीतून सोडवलं, रोख पगार दाखवला, हे खरंच आहे. नाकारायचं कारण नाही. पण गिरणीच्या आत पुन्हा गाव होतं. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना सूतखात्यात घ्यायचे, विणाई खात्यात नाही. गिरणगावात ज्याला साचेखातं म्हणायचे तिथं पगार जास्त. आणि तिथंच बंदी. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, अस्पृश्याची थुंकी लागली तर सवर्ण कामगार बाटतो. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांच्या पुढ्यात ठेवला, तेव्हा कुठं त्यांना जाग आली. विणकराच्या पोराला मागाला हात लावायची बंदी! जात कामं वाटत नाही, कामगारांनाच एकमेकांपासून फाडते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली उलगडून सांगितलं ते उगीच नाही.

त्याच टाटांच्या घरानं आता त्याच नागपुरात कॉम्प्युटरची गिरणी टाकलीय. प्रश्न साधा आहे. या गिरणीत साचेखातं कोणतं, आणि तिथं कोण बसतं? गेटवरचा वॉचमन, संडास धुणारी बाई, कॅन्टीनमध्ये खरकटं उचलणारा पोरगा, या खात्यात कोणी बॅकग्राऊंड विचारत नाही. तिथं मेरिट आडवं येत नाही. तिथं आपली माणसं ठेकेदारामार्फत आपोआप भरली जातात.

समुद्रापलीकडं बघा. आपल्या पोरांनी १९७२ साली मुंबईत पँथर काढली ती अमेरिकेतल्या काळ्या भावांकडं बघून. त्या काळ्यांच्या कहाणीत एक बाई आहे, डोरोथी वॉन. शाळेत गणित शिकवायची. १९४३ मध्ये व्हर्जिनियातल्या लँगलीच्या विमान संशोधन केंद्रात हिशेब करायला लागली. तेव्हा कॉम्प्युटर हे मशीनचं नाव नव्हतं, हिशेब करणाऱ्या माणसाचं नाव होतं. काळ्या बायांची खोली वेगळी, जेवायचं टेबल वेगळं, मुतारी वेगळी. चवदार तळ्याचीच गोष्ट, फक्त इंग्रजीत! पुढं खरी मशीन आली. हिशेब करणाऱ्या बायांचं काम जाणार हे डोरोथीनं ओळखलं. ती स्वतः फोर्ट्रान शिकली आणि आपल्या बायांनाही तयार केलं. गोऱ्यांचं विमान काळ्या बायांच्या हिशेबावर उडलं. त्यांचं बॅकग्राऊंड काय होतं? गुलामांच्या वंशातलं. आकड्यांना काही बाधलं नाही.

म्हणजे विद्येला बॅकग्राऊंड लागत नाही. लागतं ते साहेबाला. यावर कोणी म्हणेल, तुम्ही पँथरवाले उगाच बोंबलता, पुरावा द्या. घ्या पुरावा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या अभ्यासकांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवून बघितले. शिक्षण सारखं, लायकी सारखी, फक्त आडनाव वेगळं. २००७ साली निष्कर्ष छापले. सवर्ण आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणं येण्याचं प्रमाण साधारण दोन तृतीयांश. मुसलमान नावाला एक तृतीयांश. माणूस दिसलाच नाही, बोललाच नाही, इंग्रजी कच्चं की पक्कं कळलंच नाही. नुसतं आडनाव वाचून अर्ज बाजूला! त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांत नोकरभरती करणाऱ्या साहेबांशी बोलून लिहिलं. साहेब एका तोंडानं म्हणतात आम्ही जात मानत नाही, फक्त मेरिट. दुसऱ्या तोंडानं म्हणतात, फॅमिली बॅकग्राऊंड बघावंच लागतं, चांगल्या घरातली माणसं चांगलं काम करतात. त्याच वर्षी कॅरल उपाध्या यांनी बंगलोरच्या सॉफ्टवेअरवाल्यांबद्दल लिहिलं : बहुतेक शहरातले, शिकल्या आईबापांचे, वरच्या जातींतले.

हे काही आपोआप घडलं नाही. घडवलं गेलं. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवल्या त्या १९७३ पासून. आपल्याला वाटेल, चला, पन्नास वर्षं झाली. पण कागद नीट वाचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण नागपुरात धम्म घेतला. आणि केंद्र सरकारच्या वहीत बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीचा राहिला नाही! ती चूक कायद्यानं दुरुस्त झाली १९९० मध्ये. मधली सतरा वर्षं हिशेबात घ्या. १९७३ ते १९९०. याच काळात आयबीएम १९७८ ला देश सोडून गेली, देशी कंपन्यांना रान मोकळं झालं, इन्फोसिस निघाली, पहिल्या पिढीचे साहेब तयार झाले. आणि याच काळात वर्धा-नागपूरच्या बौद्ध पोरापुढं केंद्राच्या दारात दोनच वाटा होत्या. एक तर हिंदू-महार असा दाखला काढ आणि बाबासाहेबांच्या धम्माला कागदावर नाकार. नाही तर राखीव जागा सोड. ज्या पिढीतून आजचे मुलाखत घेणारे साहेब निघाले, त्या पिढीच्या दारातच आपल्याला थांबवलं होतं.

आणि तिकडं काय चाललं होतं? १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदान इंजिनियरिंग कॉलेजांची खिरापत वाटली गेली. साखरसम्राट झाले शिक्षणसम्राट. कॅपिटेशन फीची थैली घेऊन बाप रांगेत उभे. १९८७ ला ती फी बंद करायला कायदा करावा लागला, इतका तो बाजार तेजीत होता. नोटा मोजून सीट घेतलेल्या त्या पोरांना मेरिट कोणी विचारलं? त्यांच्या बॅकग्राऊंडमध्ये ऊस होता, बँक होती, आमदारकी होती. ते बॅकग्राऊंड चालतं.

बरं, सगळे अडथळे पार करून एखादा पोचला. आयआयटी झाला, अमेरिकेला गेला. सुटला का? जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया सरकारच्या खात्यानं सिस्को कंपनीवर दावा लावला. तक्रार करणारा दलित इंजिनियर, मुंबईच्या आयआयटीचा. दाव्यात आरोप असा, की तिथल्याच शिकलेल्या वरिष्ठानं हा राखीव जागेवरून आला असं बाकीच्यांना सांगितलं, आणि तक्रार केल्यावर त्याचं काम काढून त्याला एकटं पाडलं. कंपनीनं आरोप नाकारले. २०२३ मध्ये दोन अधिकाऱ्यांवरचा दावा मागे घेतला गेला, कंपनीवरचा तेव्हा चालूच ठेवला. कोर्टाचं काय व्हायचं ते होवो. मला त्यातली एक गोष्ट बोचते. सात समुद्र ओलांडल्यावरही प्रश्न तोच : तू आत कसा आलास? त्याच २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल शहरानं जातिभेदाला कायद्यानं बंदी केली. ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनं राज्याचं तसं बिल नकाराधिकारानं पाडलं. म्हणजे लढा तिथंही सुरू आहे.

आता आपल्याच माणसांबद्दल. पुण्यात, हैदराबादेत, बंगलोरात आपली पोरं आहेत. आडनाव कापून नुसतं बापाचं नाव लावतात. चौदा एप्रिलला आजारपणाची रजा टाकतात. घरी बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत. आपले काही कार्यकर्ते त्यांना भेकड म्हणतात, दलित बामण म्हणतात. मी म्हणणार नाही. घराचा हप्ता, गावाकडं बापाचं औषधपाणी, बहिणीचं शिक्षण हे सगळं एका पगारावर उभं असताना एकट्या माणसानं छाती पुढं काढून हुतात्मा व्हावं, असा हुकूम सोडणं सोपं आहे. सोडणाऱ्याचं काही जात नाही. लपावं लागतं ही त्याची नाही, कंपनीची शरम आहे. एकट्यानं उघडं पडायचं नसेल तर सगळ्यांनी मिळून मोजदाद मागायला पाहिजे. मोजलेला माणूस एकटा राहत नाही.

म्हणून पहिली मागणी : मोजा! सेबीच्या नियमानं बाजारमूल्यात वरच्या हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून दरवर्षी अहवालात सांगावं लागतं की नोकरीत बाया किती, अपंग किती. चांगली गोष्ट. मग अनुसूचित जाती किती, जमाती किती, हा रकाना का नाही? कोणत्या पदावर किती, कायम किती, ठेक्यावर किती? केंद्र सरकारनं ३० एप्रिल २०२५ ला जाहीर केलं की जनगणनेत जात मोजणार. देश मोजणार आणि कंपनी नाही? ज्यांचं सगळं पोट मोजमापावर चालतं, त्यांनाच हा एक आकडा मोजता येत नाही होय! आणि घाई यासाठी, की टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार म्हणून सांगितलं. आता मशीनच प्रोग्राम लिहायला लागलीय. उद्या कपातीची कुऱ्हाड पहिली कोणाच्या मानेवर पडते हे कळायला सुद्धा आधी मोजलेलं असावं लागतं.

दुसरी मागणी नवी नाही, कायद्यातच आहे. साहेब लोक म्हणतात आमची कंपनी खाजगी, सरकारनं नाक खुपसू नये. २००६ साली उद्योगपतींच्या संघटनांनी सरकारला तेच सांगितलं. सक्ती नको, आम्ही स्वखुशीनं करू. स्वखुशीचं काय झालं ते आपण बघतोय. खाजगी म्हणता, मग सॉफ्टवेअर पार्कातल्या कंपन्यांना २०११ पर्यंत निर्यातीच्या नफ्यावरची आयकराची सूट कोणी दिली? मिहानसाठी शिवणगाव, खापरीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी कोणी घेतल्या? सरकारनंच ना? तर ऐका. महाराष्ट्राचा २००१ चा आरक्षण कायदा, २९ जानेवारी २००४ पासून लागू. त्यात म्हटलंय की सरकारनं एखाद्या संस्थेला मदतीचा करार करताना आरक्षण पाळायची अट घालायची. आणि मदतीत सवलतीच्या दराची सरकारी जमीन येते, पैशाची इतर सवलतही येते. वीस वर्षांवर झाली. किती करारांत ही अट घातली? कोणी तपासली? कंपनी मोडत असेल तर सवलत काढून घेतली का?

हे विचारायला मोर्चा लागत नाही. दहा रुपयांचा अर्ज लागतो. माहितीचा अधिकार २००५. वडनेरच्या, हिंगणघाटच्या, नागपूरच्या पोट्ट्यांनी, पोरींनी एकेक अर्ज टाकावा. मिहानची जमीन ज्यांच्या हातात आहे त्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडं एक, उद्योग खात्याकडं एक, सामाजिक न्याय खात्याकडं एक. मागणी नेमकी लिहा : अमुक कंपनीशी झालेल्या जमिनीच्या कराराची प्रत, सवलतीचा तपशील, आणि २००१ च्या कायद्याप्रमाणे घातलेल्या अटीचं कलम. उत्तर आलं तरी छापू, आलं नाही तरी छापू. अपिलाची तारीख विसरू नका. मोर्चा त्यानंतर आहेच, आणि तेव्हा आपल्या हातात नुसते झेंडे नसतील, त्यांच्याच सही-शिक्क्याचे कागद असतील.

आणि ज्यांच्या मुलाखती येत्या महिन्यात आहेत त्यांना एवढंच. अभ्यास चोख करा. मशीनला आडनाव कळत नाही, तिच्यावर हात बसवा. पण साहेबानं बॅकग्राऊंड विचारलं तर मान खाली घालू नका. माय कापूस वेचते, बाप मजुरी करतो, मी हे शिकलो, मी हे शिकले, असं सरळ सांगा. बाहेर आल्यावर तारीख, वेळ, विचारलेले प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि आमच्याकडं पाठवा. तुमचं नाव आम्ही छापणार नाही. प्रश्न मात्र सगळे छापू.

जयभीम!